प्लाझ्मॉनिक नॅनोअँटेनाचे सैद्धांतिक मॉडेलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणारे, नुकतेच पीएच.डी.ला लागलेले आणि रेडिओ अँटेना शिकून प्रकाशाकडे वळलेले इंजिनिअर अशा तिघांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही. जिथे विद्यार्थी हमखास अडतात तिथे जास्त थांबलो आहे.

नॅनोअँटेना नेमके काय काम करते?

दुरून येणारी लहर एका छोट्या जागी गोळा करायची, किंवा छोट्या जागी निर्माण झालेली ऊर्जा लहरीच्या रूपाने बाहेर पाठवायची, हे कुठल्याही अँटेनाचे काम. १०० मेगाहर्ट्झच्या एफएम केंद्राची तरंगलांबी ३ मीटर असते, म्हणून अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना दीड मीटरचा होतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. चांगल्यातले चांगले भिंगही प्रकाशाला तरंगलांबीच्या साधारण निम्म्यापेक्षा लहान ठिपक्यात आणू शकत नाही आणि एखादा रेणू तर जेमतेम एक नॅनोमीटरचा असतो. हे अंतर धातूचा छोटा तुकडा भरून काढतो. त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकजुटीने हेलकावतात, टोकांशी प्रभार साचतो आणि तिथे काही नॅनोमीटरांच्या जागेत क्षेत्र प्रचंड वाढते. इलेक्ट्रॉनांच्या या सामूहिक दोलनाला प्लाझ्मॉन म्हणतात.

कल्पना जुनी आहे. एडवर्ड सिंज या आयरिश माणसाने १९२८ साली आइन्स्टाइनना पत्र लिहून सुचवले होते की, एका अतिसूक्ष्म कणाने प्रकीर्णन केलेला प्रकाश वापरून भिंगाची मर्यादा ओलांडता येईल. त्याच वर्षी कोलकात्यात रामन परिणाम, म्हणजे रेणूवरून विखुरताना प्रकाशाची तरंगलांबी किंचित बदलणे, सापडला. या दोन गोष्टींची गाठ पुढे जवळपास अर्ध्या शतकाने पडली. त्याबद्दल खाली आहे.

रेडिओ अँटेनाचे गणित जसेच्या तसे लहान करून का चालत नाही?

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांचे गणित करताना धातूला आदर्श वाहक मानले तरी बिघडत नाही, कारण रेडिओ लहर धातूत जवळजवळ शिरतच नाही. १ गिगाहर्ट्झला तांब्यात ती साधारण २ मायक्रोमीटर खोल जाते आणि तार त्याच्या कितीतरी पट जाड असते.

प्रकाशाच्या वारंवारितेला लहर सोन्यात सुमारे २५ नॅनोमीटर शिरते. आपला अँटेनाच ३०-४० नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे क्षेत्र धातूच्या आरपार पसरलेले असते. शिवाय इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या क्षेत्राबरोबर इलेक्ट्रॉनांना लगेच पळता येत नाही, त्यांचे जडत्व आड येते. परिणामी अँटेनावरची लहर मोकळ्या जागेतल्या लहरीपेक्षा बरीच आखूड होते. लुकास नोव्होटनी यांनी २००७ साली याचा सोपा नियम मांडला: पातळ तारेसाठी ही 'परिणामी तरंगलांबी' मूळ तरंगलांबीवर सरळ रेषेत अवलंबून असते आणि तिच्यापेक्षा दोन ते सहा पटींनी लहान भरते.

पाण्यात ठेवलेली, लांबी जाडीच्या चौपट असलेली सोन्याची कांडी साधारण ८०० नॅनोमीटरला रेझोनन्स, म्हणजे सर्वांत जोरदार प्रतिसाद, दाखवते. जाडी २० असेल तर लांबी ८० नॅनोमीटर. रेडिओच्या सूत्राने पाण्यातली अर्धी तरंगलांबी ३०० नॅनोमीटर येते. जो ३०० ची कांडी बनवायला जाईल त्याचे मुख्य पीक (स्पेक्ट्रममधले शिखर) अवरक्तात कुठेतरी निघून जाईल.

कल्पना मात्र खुशाल उसन्या घ्याव्यात. छपरांवर दिसणारा यागी-उडा अँटेना १९२६ साली जपानच्या तोहोकु विद्यापीठात जन्मला. २०१० साली बार्सिलोना आणि हिरोशिमा इथल्या गटांनी त्याची सोन्याची नॅनो-आवृत्ती करून प्रकाश एका दिशेला वळवून दाखवला. घटकांचा क्रम तोच होता, लांब्या मात्र सगळ्या नव्याने काढाव्या लागल्या.

शेवटी सोडवायची समीकरणे कोणती?

मॅक्सवेलची चार. त्यात वेगळे काही नाही. सगळी मेख दोन ठिकाणी आहे: धातूचे वर्तन सांगणारे डायइलेक्ट्रिक फलन (पुढे त्याला एप्सिलॉन म्हणू) आणि आकाराच्या कडांवरच्या सीमाअटी. मॉडेल फसते ते बहुतेक वेळा या दोनपैकी एका जागी. समीकरणे सोडवणारे सॉफ्टवेअर फारच क्वचित दोषी असते.

सोन्याचा एप्सिलॉन कुठून आणायचा? ड्रूड मॉडेल पुरेसे आहे का?

पॉल ड्रूड यांचे १९०० चे मॉडेल धातूतल्या इलेक्ट्रॉनांना मोकळे आणि अधूनमधून धडकणारे कण मानते. सोन्यासाठी त्यात दोन आकडे लागतात: सुमारे ९ इलेक्ट्रॉनव्होल्टची प्लाझ्मा वारंवारिता आणि सुमारे ०.०७ इलेक्ट्रॉनव्होल्टचे डॅम्पिंग, म्हणजे धडकांमुळे दोलन विझण्याचा वेग. अवरक्तात एवढ्यावर छान भागते. पण साधारण २.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर, म्हणजे ५०० नॅनोमीटरच्या आसपास, आतल्या पट्ट्यांतले इलेक्ट्रॉनही प्रकाश शोषू लागतात. सोने पिवळे दिसते ते यामुळेच. तिथे निव्वळ ड्रूड वापरले तर शोषण फार कमी धरले जाते आणि पीक खोटे, उंच आणि अरुंद येते.

म्हणून मोजलेले आकडे वापरतात. जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा तक्ता जॉन्सन आणि क्रिस्टी यांचा, १९७२ सालचा. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात तांबे, चांदी आणि सोन्याच्या पातळ थरांवर त्यांनी मोजमापे केली. त्यात ५२१ नॅनोमीटरला सोन्याच्या अपवर्तनांकाचा वास्तव भाग ०.६२ आणि काल्पनिक भाग २.०८ आहे. वर्ग केला की एप्सिलॉन येतो: वास्तव भाग उणे ३.९५, काल्पनिक भाग २.५८. लाल हेलियम-निऑन लेझरच्या ६३३ नॅनोमीटरला तोच साधारण उणे ११.७ आणि १.२ होतो. या दोन जोड्या पाठ ठेवाव्यात, जागोजागी उपयोगी पडतात.

तक्ता कोणता निवडला हे लिहून ठेवा. तुमच्या सहकाऱ्याने केलेला सोन्याचा थर आणि तक्त्यातला थर यांत फरक असणारच: कणांचा आकार, खडबडीतपणा, बाष्पीभवनाचा वेग, सगळ्याचा परिणाम काल्पनिक भागावर होतो. चांदीच्या बाबतीत तर वेगवेगळे तक्ते आपसातही जुळत नाहीत, कारण चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडत जाते.

काल-प्रांतातली, म्हणजे लहर क्षणाक्षणाने पुढे नेणारी पद्धत (खालची एफडीटीडी) वापरत असाल तर तक्ता थेट भरता येत नाही. त्यावर ड्रूड आणि लोरेंट्झ पदांची बेरीज बसवावी लागते. हे फिट आपल्याला हव्या त्या तरंगलांबीच्या पट्ट्यात तक्त्यावर ठेवून डोळ्यांनी बघा. सॉफ्टवेअरने 'फिट झाले' म्हटले म्हणून पुढे जाऊ नका.

माझ्या गणनेत शोषण ऋण येते. असे कसे?

जवळजवळ नक्की चिन्हाची गडबड. भौतिकशास्त्रज्ञ वेळेचे अवलंबन ऋण घातांकाने लिहितात, इंजिनिअर धन घातांकाने. पहिल्या पद्धतीत शोषक धातूच्या एप्सिलॉनचा काल्पनिक भाग धन, दुसऱ्यात ऋण. एका पद्धतीचा तक्ता दुसऱ्या पद्धतीच्या कोडमध्ये घातला की सोने प्रकाश शोषायचे सोडून वाढवू लागते.

संगणक न लावता काही कळू शकते का?

खूप काही. माझा आग्रह असतो की पहिले सिम्युलेशन लावण्याआधी प्रत्येकाने हे एकदा वहीत करावे.

पाण्यात २० नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा गोळा घ्या. तरंगलांबीच्या मानाने तो इतका लहान आहे की, कुठल्याही क्षणी त्याच्याभोवतीचे बाहेरचे क्षेत्र सगळीकडे सारखे धरता येते. मग प्रश्न स्थिर विद्युताचा होतो आणि गोळ्याच्या ध्रुवाशी, पृष्ठभागाला लागून बाहेर, क्षेत्र किती पट वाढते ते एका अपूर्णांकाने मिळते. अंशात सोन्याच्या एप्सिलॉनची तिप्पट. छेदात सोन्याचा एप्सिलॉन अधिक पाण्याच्या एप्सिलॉनची दुप्पट.

पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्याचा वर्ग १.७७, दुप्पट ३.५४. सोन्याचा वास्तव भाग उणे ३.५४ च्या आसपास आला की छेद लहान होतो. तोच रेझोनन्स. वरच्या तक्त्यात ५२१ नॅनोमीटरला तो उणे ३.९५ आहे, म्हणजे आपण अगदी शेजारी आहोत. सोन्याचे कोलॉइड पाण्यात माणकासारखे लाल का दिसते त्याचा हिशेब एवढ्यात झाला: सुमारे ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषला जातो आणि लाल उरतो.

आता छेद पुरा करा. वास्तव भाग उणे ०.४१, काल्पनिक २.५८, परिमाण २.६१. अंशाचे परिमाण १४.१. भागाकार ५.४. म्हणजे क्षेत्र जेमतेम साडेपाच पट आणि तीव्रता २९ पट. इतकी जाहिरात झालेल्या रेझोनन्सकडून हे फारच थोडे वाटते आणि ते खरेच थोडे आहे. कारण छेदातला काल्पनिक भाग, म्हणजे सोन्याचे शोषण, शून्य होत नाही.

त्यातून पुढची दिशाही दिसते. ५२१ ला वास्तव भाग काल्पनिक भागाच्या दीडपट आहे, ६३३ ला जवळपास दहापट. रेझोनन्स लाल बाजूला ढकलता आला तर तेच सोने कितीतरी चांगले वागेल. गोळा ताणून कांडी केली की नेमके हेच होते. नॅनोअँटेना लांबट का असतात याचे हे निम्मे उत्तर आहे.

गुस्ताव मी यांचा सिद्धांत (मी सिद्धांत) कुठपर्यंत साथ देतो?

गोळ्यासाठी शेवटपर्यंत. फॅरडे यांनी १८५७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याची रंगीत कोलॉइड तयार करून त्यांचा रंग कणांच्या आकाराशी जोडला. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथे गुस्ताव मी यांनी १९०८ साली गोळ्यासाठी मॅक्सवेल समीकरणे पूर्ण, बिनतडजोड सोडवली. उत्तर अनंत श्रेणीच्या रूपात येते, पण लहान कणाला पहिली दोन-तीन पदे पुरतात. आकार वाढला की वरचा स्थिर-विद्युताचा हिशेब ढळू लागतो: पीक लाल बाजूला सरकते आणि रुंद होते. रुंद होण्याचे कारण सरळ आहे. शोषण घनफळाच्या प्रमाणात वाढते, प्रकीर्णन घनफळाच्या वर्गाच्या प्रमाणात. मोठा कण बाहेर फेकलेल्या प्रकाशातच जास्त ऊर्जा गमावतो.

रिचर्ड गान्स यांनी १९१२ साली लंबगोलाचे स्थिर-विद्युत उत्तर दिले. कांडीचा पहिला अंदाज आजही त्यावरून काढता येतो. बोटाय (टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण), काटकोनी दांडी, त्रिकोण यांच्यासाठी बंद सूत्र नाही. तिथून पुढे संगणक.

दोन कण जवळ आणले की नेमके काय होते?

राइस विद्यापीठाच्या गटाने २००३ साली याचे फार बोलके चित्र दिले, प्लाझ्मॉनांचे संकरण. हायड्रोजनच्या दोन अणूंच्या कक्षा मिसळून जशा बंधक आणि प्रतिबंधक कक्षा होतात, तसे दोन कणांचे प्लाझ्मॉन मिसळतात. कणांना जोडणाऱ्या रेषेवर दोन्ही द्विध्रुव एकाच दिशेला असले की फटीच्या आमनेसामने विरुद्ध प्रभार येतात, ऊर्जा कमी होते, पीक लाल बाजूला जाते आणि फटीतले क्षेत्र भडकते. द्विध्रुव विरुद्ध दिशेला असले की बाहेरचा परिणाम एकमेकांना पुसतो. ती स्थिती दुरून येणाऱ्या सरळ लहरीला दिसतच नाही, म्हणून तिला डार्क मोड म्हणतात. डार्क असली तरी ती ऊर्जा खाते, फटीजवळच्या रेणूच्या बाबतीत तर हमखास. स्पेक्ट्रममध्ये नाही म्हणून मॉडेलमधून वगळली, असे करू नका.

एफडीटीडी, फायनाइट एलिमेंट, बाउंडरी एलिमेंट, डीडीए: कोणती पद्धत घ्यावी?

एफडीटीडी म्हणजे काल आणि अवकाश दोन्हींचे चौकटीत तुकडे पाडून लहर पुढे ढकलत नेणे. केन यी यांची १९६६ ची युक्ती. एका रनमध्ये सगळा स्पेक्ट्रम मिळतो, समजायला सोपी, एमआयटीत तयार झालेले 'मीप' फुकट मिळते. दुखणे एकच, वक्र कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. धातूच्या पृष्ठभागावर त्या पायऱ्यांच्या कोपऱ्यांत खोटे तेजस्वी ठिपके उमटतात.

फायनाइट एलिमेंटमध्ये चतुष्फलकांचे जाळे कडेला नीट चिकटते आणि एप्सिलॉनचा तक्ता थेट भरता येतो. दर तरंगलांबीला मात्र वेगळे गणित. बाउंडरी एलिमेंटमध्ये फक्त पृष्ठभागाचे तुकडे पाडायचे असतात, म्हणून एकट्यादुकट्या धातूकणासाठी ती फार किफायतशीर. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सचे 'एमएनपीबीईएम' याच पद्धतीचे आहे. डीडीएमध्ये (पर्सेल आणि पेनीपॅकर, १९७३) कण म्हणजे द्विध्रुवांचा ढीग मानतात. विचित्र आकारांना सोयीची, पण धातूचा अपवर्तनांक मोठा झाला, विशेषतः अवरक्तात, की अचूकता घसरते.

माझे मत विचाराल तर फटीचा अँटेना असेल तेव्हा फायनाइट एलिमेंट किंवा बाउंडरी एलिमेंट घ्या. मोठी रचना, पुष्कळ तरंगलांब्या असतील तर एफडीटीडी. आणि महत्त्वाच्या निकालासाठी एक रचना तरी दोन पद्धतींनी करून बघा.

मेश, म्हणजे गणनेसाठी पाडलेल्या पेशींचे जाळे, किती बारीक हवी?

५ नॅनोमीटरच्या फटीत निदान दहा पेशी हव्यात, म्हणजे पेशीची बाजू ०.५ नॅनोमीटर. हीच पेशी सगळीकडे वापरली आणि गणनेचा डबा एक मायक्रोमीटर बाजूचा घेतला तर प्रत्येक बाजूला २०००, एकूण ८०० कोटी पेशी. प्रत्येक पेशीत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचे मिळून सहा घटक, प्रत्येकी ८ बाइट. नुसती क्षेत्रे साठवायला ३८४ गिगाबाइट मेमरी. आता वेळ बघा. पेशी इतकी लहान असली की गणना स्थिर राहण्यासाठी काळाची पायरी सुमारे ०.००१ फेमटोसेकंद ठेवावी लागते. प्लाझ्मॉन काही फेमटोसेकंदांत विझतो, तरी स्पेक्ट्रम स्वच्छ यायला १०० फेमटोसेकंद चालवले तर एक लाख पायऱ्या. आणि मेश निम्मी केली की मेमरी आठपट, वेळ सोळापट.

म्हणून फटीभोवती बारीक आणि बाकी जागी भरड मेश वापरतात, सममिती असेल तर डब्याचा चतुर्थांशच सोडवतात. डब्याच्या भिंतींवर बेरेंजर यांचा १९९४ चा शोषक थर, म्हणजे पीएमएल, लावतात. तो अँटेनाच्या फार जवळ आणला की जवळचे क्षेत्रच खाऊ लागतो. निदान अर्धी तरंगलांबी मोकळी सोडावी.

मेश बारीक करत गेलो तसतसे कमाल क्षेत्र वाढतच चालले आहे. कुठे थांबू?

थांबू नका, आकार बदला. धारदार कोपऱ्याशी क्षेत्र गणिताने खरोखरच अनंताकडे जाते, त्यामुळे तो आकडा कधीच कन्व्हर्ज होणार नाही, म्हणजे एका किमतीवर स्थिरावणार नाही. खऱ्या सोन्याच्या कोपऱ्याला वक्रता असते, इलेक्ट्रॉन लेखनाने कोरलेल्या बोटायला बऱ्याचदा १० नॅनोमीटरच्या आसपास. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावरून ती मोजा आणि मॉडेलमध्ये तेवढी गोलाई द्या. मगच कमाल आकडा बोलण्याजोगा होतो. त्याहून बरे म्हणजे एका बिंदूऐवजी रेणू जिथे असेल त्या छोट्या घनफळातली सरासरी द्यावी.

रामन संकेत क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढतो म्हणतात. ते कितपत खरे?

पृष्ठभागामुळे वाढलेला रामन संकेत १९७४ साली साउथॅम्प्टनमध्ये चांदीच्या खडबडीत इलेक्ट्रोडवर पहिल्यांदा दिसला. वाढ इतकी मोठी असल्याचे मात्र १९७७ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे ओळखले. अँटेना येणारा प्रकाश वाढवतो आणि रेणूने सोडलेला प्रकाश बाहेर पाठवायलाही मदत करतो. दोन्ही वेळा तीव्रतेचा गुणाकार होतो, म्हणून क्षेत्राचा चौथा घात. आपल्या एकट्या गोळ्याचे ५.४ पट क्षेत्र घेतले तर वाढ सुमारे ८५० पट. चांगल्या फटीत क्षेत्र १०० पट गेले तर १० कोटी पट. सगळे लक्ष फटीकडे का असते ते यावरून कळावे.

नियम ढोबळ आहे. रामन प्रकाशाची तरंगलांबी लेझरपेक्षा वेगळी असते, म्हणून काटेकोर हिशेबात दोन तरंगलांब्यांच्या तीव्रता वेगवेगळ्या काढून गुणायच्या. रेणूचे धातूशी होणारे रासायनिक देणेघेणे यात अजिबात येत नाही.

फ्लुरोसन्ससाठीही चौथा घात लावू का?

नाही, आणि ही चूक छापील लेखांतही दिसते. फ्लुरोसन्समध्ये रेणू आधी ऊर्जा घेतो, थोडा वेळ धरून ठेवतो आणि मग सोडतो. म्हणून दोन गोष्टी स्वतंत्र काढाव्या लागतात: उद्दीपन किती पट वाढले आणि घेतलेल्या ऊर्जेपैकी किती हिस्सा प्रकाश म्हणून बाहेर पडला. दुसरीसाठी मॉडेलमध्ये रेणूच्या जागी द्विध्रुव ठेवा, त्याने सोडलेली एकूण शक्ती आणि डब्याबाहेर पोचलेली शक्ती मोजा. एकूण शक्ती मोकळ्या जागेच्या कितीपट झाली तो पर्सेल गुणांक. पर्सेल यांनी १९४६ सालीच सांगितले होते की उत्सर्जनाचा वेग भोवतालावर ठरतो.

धातूच्या पृष्ठभागाला रेणू काही नॅनोमीटरांपर्यंत आला की ऊर्जा धातूतच उष्णता होऊन जिरते. २००६ साली दोन वेगळ्या गटांनी एकच रेणू आणि एकच सोन्याचा कण घेऊन हे दाखवले: जवळ आणताना आधी उजेड वाढतो, मग आणखी जवळ गेल्यावर घटतो.

मुळात किती टक्के रेणू उजळतात यावरही सगळे ठरते. २००९ साली स्टॅनफर्डमध्ये सोन्याच्या बोटायने एका रेणूचा उजेड १३४० पट वाढवला. तो रेणू मुळात मंद होता. ज्याची कार्यक्षमता आधीच २ टक्के आहे त्याला उत्सर्जनाच्या बाजूने ५० पट वाढायला वाव असतो, ९० टक्केवाल्याला जवळजवळ नाहीच. दोन अँटेनांची तुलना करताना रंगद्रव्य कोणते होते ते आधी विचारा.

पुंज परिणाम कधी धरावे लागतात?

तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

कण लहान असेल तर इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर वारंवार आपटतात. सोन्यात त्यांचा वेग सेकंदाला १४ लाख मीटर, म्हणजे फेमटोसेकंदाला १.४ नॅनोमीटर. ५ नॅनोमीटर त्रिज्येला यातून येणारे जादा डॅम्पिंग ०.१८ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाऊ शकते, मूळच्या ०.०७ च्या दुपटीहून जास्त. ड्रूड पदात हे सहज मिळवता येते.

फट दोन-तीन नॅनोमीटरखाली गेली की अस्थानिकता येते. नेहमीच्या मॉडेलमध्ये प्रभार पृष्ठभागावर शून्य जाडीचा बसतो. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन एकमेकांना रेटतात आणि प्रभाराला एक अँगस्ट्रॉमच्या आसपासची जाडी येते. हायड्रोडायनॅमिक मॉडेल हे धरते. ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०१२ साली सोन्याच्या पत्र्यावर सोन्याचे गोळे अगदी जवळ ठेवून या मर्यादेचा माग काढला.

फट अर्ध्या नॅनोमीटरखाली गेली की इलेक्ट्रॉन फट ओलांडून टनेलिंगने पलीकडे जाऊ लागतात, फटीतला प्रभार गळतो आणि क्षेत्र वाढायचे थांबून कोसळते. २०१२ सालच्या क्वांटम करेक्टेड मॉडेलमध्ये फटीत एक काल्पनिक वाहक पदार्थ भरून हा परिणाम नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणता येतो. पूर्ण पुंज गणना (टीडीडीएफटी) अजून लहान कणांपुरतीच झेपते.

५ नॅनोमीटरच्या फटीला यातले काहीही लागत नाही. केंब्रिजमध्ये २०१६ साली आरशावर ठेवलेल्या सोन्याच्या कणाखाली ०.९ नॅनोमीटरच्या फटीत मिथिलीन ब्लूचा एकच रेणू आणि प्रकाश यांची खोलीच्या तापमानाला बळकट जोडणी झाली, म्हणजे ऊर्जा विझण्याआधी दोघांत मागेपुढे होऊ लागली. तिथेही मुख्य चित्र मॅक्सवेलच देतो.

मोड व्हॉल्यूम, म्हणजे मोडचे क्षेत्र किती जागेत कोंडले आहे ते, काढायला गेलो तर इंटिग्रल वाढतच जाते.

जाणारच. अँटेना गळका आहे, त्याच्या मोडचे क्षेत्र दूर जाताना गणितात वाढत जाते आणि बंद पोकळीसाठी केलेली व्याख्या इथे मोडते. क्वासिनॉर्मल मोडचे, म्हणजे अशा गळक्या मोडचे, नॉर्मलायझेशन वापरा. फ्रान्समधल्या गटाने २०१३ साली ते वापरायला सोपे केले. मोड व्हॉल्यूम तेव्हा संमिश्र संख्या येते, तिला घाबरायचे कारण नाही.

सोने सोडून दुसरे काही?

चांदी दृश्य प्रकाशात सोन्यापेक्षा सरस, पण टिकत नाही. ॲल्युमिनियम अतिनील भागासाठी चांगले, ८०० नॅनोमीटरच्या आसपास मात्र त्याचे स्वतःचे शोषण आहे. उष्णता नको असेल तर सिलिकॉन: क्षेत्र कमी वाढते, तोटाही कमी.

मॉडेल आणि प्रयोग जुळत नाहीत. कुठून बघायला सुरुवात करू?

पीक निळ्या किंवा लाल बाजूला सरकलेले असेल तर आधी लांबी, फट आणि खालची काच तपासा. काचेचा अपवर्तनांक दीडच्या घरात आहे, ती विसरली तर पीक हमखास हलते. पीक जागेवर आहे पण प्रयोगात जास्त रुंद आहे, असे असेल तर मला पहिला संशय चिकटथराचा येतो. सोने काचेला नीट चिकटत नाही म्हणून खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचे दोन-पाच नॅनोमीटर देतात आणि हे दोन्ही धातू प्रकाश जोरात शोषतात. बनवणाऱ्याच्या वहीत तो थर असतो, मॉडेलमध्ये बहुधा नसतो. त्याला जाऊन विचारा.

अनेक अँटेनांवर एकत्र मोजले असेल तर लांबीतल्या बारीक फरकांनीही पीक फुगते. शिवाय प्रयोगात प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाच्या कोनात येईल तेवढाच मोजला जातो, मॉडेलने सगळ्या दिशांचा धरलेला असतो.

आणखी एक गोष्ट: जवळच्या क्षेत्राचे पीक दूरच्या प्रकीर्णनाच्या पीकपेक्षा थोडे लाल बाजूला असते. डॅम्पिंग असलेल्या कुठल्याही दोलकाचा हा गुण आहे. प्रकीर्णन बघून लेझर निवडला तर फटीतले कमाल क्षेत्र चुकू शकते.

माझे उत्तर बरोबर आहे, हे मी स्वतः कसे पडताळू?

सुरुवात गोळ्याने. तुमच्या सेटअपमध्ये अँटेनाच्या जागी गोळा ठेवा आणि मी सिद्धांताशी ताडून बघा. तेच सॉफ्टवेअर, तेच सोने, तीच मेश. इथे जुळले नाही तर पुढचे काहीच पाहू नये. मग अँटेना परत ठेवून शोषण आणि प्रकीर्णन स्वतंत्र काढा आणि त्यांची बेरीज सरळ पुढच्या दिशेच्या क्षेत्रावरून काढलेल्या एकूण क्षयाशी जुळते का बघा. मेश, डब्याचा आकार आणि रनची लांबी एकेक करून बदला. तिन्ही एकदम बदलले तर दोष कुणाचा ते कळणार नाही.

परस्परता हीसुद्धा उत्तम परीक्षा आहे. दूरच्या एका दिशेहून लहर पाठवून फटीत मिळणारे क्षेत्र, आणि फटीतल्या द्विध्रुवाने त्याच दिशेला पाठवलेले क्षेत्र, यांचे नाते ठरलेले असते. दोन रन जास्तीचे लागतात, पण स्रोत, मॉनिटर, एकके सगळ्यांची एकत्र झडती होते.

मोठा संगणक नाही. सुरुवात करता येईल का?

येईल. मी सिद्धांताचा कोड पायथनमध्ये शंभरेक ओळींत बसतो आणि साध्या लॅपटॉपवर क्षणात चालतो. त्यानंतर गान्सचा लंबगोल, मग बाउंडरी एलिमेंटने दोन गोळ्यांची जोडी. इथवर ८ गिगाबाइटची मशीन पुरते. मोठ्या गणनेसाठी राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनची यंत्रे आहेत, पुण्याच्या आयसरमधले 'परम ब्रह्म' त्यांतलेच. या विषयाच्या आसपास काम करणारे गट पुण्यात आयसरला, मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटीत आहेत. अशा गटाला प्रकल्पासाठी पत्र लिहाल तेव्हा प्रमाणपत्रांच्या यादीऐवजी स्वतः काढलेला एक आलेख जोडा: पाण्यातल्या सोन्याच्या गोळ्याचा क्षय, तरंगलांबी ४०० ते ८००, व्यास २०, ६० आणि १०० नॅनोमीटर, आणि सोन्याचा तक्ता कोणता वापरला ते खाली एका ओळीत.